कल्हई

पहिला प्रिंट जांभळा आला.
म्हणजे अगदी जांभूळ नव्हे,
वांग्याच्या सालीवर ऊन पडावं तेवढाच,
पण दिगंबर तांबटांच्या पिकल्या मिशीवर लगेच दिसला.
दुसऱ्यात मी मॅजेंटा तीनने उतरवला.
मिशी हिरवी.

अशोकस्तंभामागे बोळात माझं दुकान.
ट्यूबलाइटखाली इथे सगळंच ठीक वाटतं,
उन्हात नेलं की करडा रंग पोटातलं बोलतो.
म्हणून प्रत्येक कागद घेऊन मी रस्त्यावर उभा.
रिक्षावाले हॉर्न देतात,
समोरचा चिवडेवाला विचारतो, कोण गेलं?
कुणी नाही गेलं बाबा.
माणूस जिवंत आहे, काळा येत नाहीये.

फैजान म्हणाला, सर, रंगच बंद करा,
नुसती काळी शाई सोडा.
सोडली.
गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके,
आणि हातोडीवरचा उजेड, जो फोटोचा जीव,
तिथे कोरा कागद.
या यंत्राला साधा राखाडी करायचा
तर निळा, गुलाबी, पिवळा तिघंही लागतात,
एकमेकांना धरून, थेंबाथेंबाने.
तपासणीची जाळी काढली:
निळ्याच्या रेघेचे दोन दात पडलेले.
हेड साफ केलं. पुन्हा केलं.
सहाशेची शाई स्पंज पिऊन गेला.

मग चकचकीत कागद काढून सुती मॅट लावला,
तर काळा मेला. कोळसा मागितला, पाटी आली.
कागद बदलल्याचं मशीनला सांगायचंच राहिलं होतं,
ते आपलं जुन्या समजुतीने ओततंय.

संध्याकाळी तांबट स्वतः आले, आळीतून चालत,
पन्नास वर्षांच्या ठोक्यांनी एका कानाला कमी.
टेबलावर सतरा दिगंबर मांडलेले,
जांभळे, हिरवे, रवाळ, राखेत बुडालेले.
त्यांनी स्वतःकडे पाहिलंच नाही.
मांडीतल्या घंगाळावर बोट ठेवलं.
"हे तांब्याचं. मागचा डबा पितळेचा.
इथे दोन्ही एकच धातू झालेत."
काका, यात रंग नसतो ना.
"रंग नसू दे. वजन?"

मी गप्प.
मग जांभळा उचलून, चष्मा कपाळावर सारून, म्हणाले,
"कल्हई बसली नाही यावर. खालून तांबं डोकावतंय.
भांडं तापलं नसेल, नाहीतर घासलं नसेल.
नवसागर टाकलात का?"
फैजान हसला.
मला हसू आलं नाही.
खाली रंग, वर एक पातळ करडी साय,
ती फिरवायची कापसाच्या बोळ्याने एकसारखी,
भांडं गार व्हायच्या आत.
आणि मी दिवसभर मिशी धरून बसलो होतो.

रात्री शटर अर्ध्यावर ओढलं.
त्यांच्या नातीने मोबाइलवर काढलेला मूळ फोटो,
रंगीत, पुन्हा उघडला.
करडा करताना हिरव्याला जरा जास्त मान दिला:
तांबं खोल उतरलं,
पितळ वर राहिलं.
सावल्या बोटभर उघडल्या,
कागदाचं खरं नाव सांगितलं,
आणि अठरावा काढून फळीवर उताणा ठेवला.
पाहिला नाही. ओली शाई खोटं बोलते.

सकाळी उन्हात नेला.
चिवडेवाल्याने या वेळी काही विचारलं नाही.

तांबटांनी फोटो हातात घेतला
आणि घंगाळाच्या बरोब्बर बुडाशी
नखाने दोनदा टिचकी मारली,
चांगला कान कागदाकडे वळवून.

बिल एकाचंच केलं.
वाया गेलेले सतरा इंदुबाई घेऊन गेल्या,
डब्यांखाली घालायला.
त्यातला हिरव्या मिशीचा तेवढा, म्हणे,
आरशाशेजारी लावलाय.