साडेछत्तीस

मकरपुऱ्यात बाबांनी एकतीस वर्षं क्रोम चढवला.
सायकलींची हँडलं, नळ, स्कूटरचे आरसे,
हुकाला टांगून हौदात सोडलेले.
त्यांचं शास्त्र एवढंच:
वर असं काही बसलं पाहिजे की पाणी ठरणार नाही,
गंज दारातूनच परत जाईल.
जॉबमध्ये स्वतःची मिशी दिसली की पास.
(त्या वाफेनंच नाकाच्या पडद्याला भोक पडलं.
झोपेत शिट्टी वाजते. आम्हाला सवय आहे.)

मी उलटं शिकले.
कलाभवनाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर,
टायटॅनियमच्या चकत्या, जुन्या चार आण्याएवढ्या.
पहिलं काम, त्यांची चमक मारायची.
कॉस्टिकमध्ये एक दिवस, एक रात्र,
मग भट्टीत तासभर.
बाहेर येतात त्या मळकट,
रस्त्यात पडल्या तर कुणी वाकणार नाही.
पण अंगभर बारीक जाळी पडलेली,
आणि जाळीला भूक.

मग पाणी.
रक्तातून लाल काढून घेतलं, पेशी काढल्या, प्रथिनं काढली,
की उरेल तेवढं:
मीठ, चुना, चिमूटभर मॅग्नेशियम, फॉस्फेट.
एकेक क्षार विरघळू द्यायचा, मग पुढचा.
घाई केली की गढूळ होतं.
गढूळ झालं की मोरीत,
सकाळपासून पुन्हा.
मी नऊ वेळा ओतलंय मोरीत.

साडेछत्तीस अंश. चौदा दिवस.
मे महिन्यात लाइट गेली एका रात्री,
मी दांडिया बाजारातून फोन लावला.
नटुभाई टॉर्च घेऊन आत गेले, वाचून म्हणाले,
"बेन, साडत्रीस."
झोपेत मराठी आधी जागी होते.
मी ऐकलं साडेतीस,
आणि उठून चप्पल शोधायला लागले.
मग गुजराती जागी झाली. सदतीस.
अर्धा अंश जास्त. हरकत नाही.
चप्पल तशीच हातात.

चौदाव्या दिवशी चकतीवर साय असते.
ती मी चढवलेली नसते.
दही लागतं तशी लागलेली असते,
हाडात असतो तोच पदार्थ,
हाड नसताना.
मायक्रोस्कोपखाली फ्लॉवरचे गड्डे दिसतात,
शेजारी शेजारी, एकमेकांना ढकलणारे.
खंडेराव मार्केटमधून असलाच आणला असता
तर आईनं कीड बघायला मिठाच्या पाण्यात घातला असता.

बाबा न्हाणीघरात घसरले तेव्हा
माझ्या चकत्या अजून सशापर्यंतही पोचल्या नव्हत्या.
त्यांच्या मांडीत गेला तो दांडा
परदेशी, खोक्यातून आलेला, वर पांढरट लेप.
शुद्धीवर येऊन पहिलं डॉक्टरांना विचारलं,
"प्लेटिंग कुठलं आहे?"
डॉक्टर म्हणाले, "काका, चांगल्या कंपनीचं आहे."
बाबांनी माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाईक फसलं की बघायचे तसं.

मग मी सगळं सांगितलं.
कॉस्टिक, भट्टी, पाणी, दिवस.
मध्येच नर्स येऊन काखेत थर्मामीटर लावून गेली.
सत्त्याण्णव पॉइंट सात, तिनं लिहिलं.
मी मनात बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नऊनं भागलं,
आणि गप्प झाले.

त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.
"सोलतं का?"
"कधी कधी."
"टेप मारून बघितलीस?"
"बघितली."
"टेपवर किती आलं?"
आमच्या अहवालात जो आकडा आम्ही
सरासरीच्या आड ठेवला होता, तो मी सांगितला.

बराच वेळ ते पंख्याकडे बघत होते.
"हौदाला दोष देऊ नकोस," म्हणाले.
"आधीचं धुणं बघ.
आमच्याकडे सोललं तो प्रत्येक जॉब
धुण्यात चुकलेला असायचा."

मग डोळे मिटले.
थोड्या वेळानं शिट्टी सुरू झाली.
मी पर्समधलं बिल काढलं, पालथं केलं,
आणि लिहिलं: कॉस्टिकनंतर, अजून दोन पाणी.