डाव्या खिशाला भोक आहे

खासबागच्या रविवारच्या बाजारात
कांद्याच्या ढिगाला लागूनच कपड्यांचा ढीग असतो,
त्यामुळं मी घेतलेल्या कुठल्याही कापडाला
दोन धुण्यांपर्यंत कांद्याचा वास येतो.
इंद्रव्वा ढिगाच्या मधोमध बसते.
"यावदादरू तगो, मूवत्त, मूवत्त!"
आणि माझ्याकडे बघून तेच मराठीत,
पाच रुपये चढवून.
मी कन्नडमध्ये घासाघीस करते.
ती खूश होऊन पाच उतरवते,
मग दोघी आपापल्या भाषेत परत जातो.

ढिगात आधी हात घालायचा, डोळे नंतर.
पॉलिस्टर बोटांना लगेच कळतं.
काखेची शिवण बघायची, कॉलरची आतली बाजू,
आणि गुडघा. गुडघ्यावरून समजतं
माणूस देवापुढं बसायचा की फरशी पुसायचा.
(हे अश्विनीला सांगितलं तर ती म्हणते, काहीही.)

अश्विनी होनगेकर आमच्या लॅबमध्ये रक्त काढते.
तिचे कपडे कोल्हापूरहून येतात, पिशवीसकट.
विचारते, दुसऱ्याचं अंगात घालवतं कसं गं तुला?
मी म्हटलं, तू दिवसभर दुसऱ्याचं रक्त हातात धरतेस.
दोन दिवस बोलली नाही.

तर सोमवारचा माझा थाट:
पुरुषी तपकिरी कोट, बाह्या दोनदा दुमडून,
आतलं निळं अस्तर दिसेल असा.
त्याखाली जांभळ्या खणाचं पोलकं,
ते कुणा बारीक बाईचं होतं,
म्हणून पाठीत जुन्या परकराची पट्टी घातली.
आणि शहापुरी लुगड्याची ओढणी.
लुगडं मधे विरलेलं, काठ ठणठणीत.
"हितं काठच टिकतंय," इंद्रव्वा म्हणाली
आणि सुटे मोजायला लागली.
मिलिटरीचा हिरवा स्वेटर मात्र मी सोडला,
कोपरांवर ठिगळं आधीच नीट लावलेली,
त्याला माझी गरज नव्हती.

कोटाच्या छातीवर विडीनं जळलेलं भोक.
बाबाजान रफूवाले म्हणाले,
होतं हे कुणाला कळणार नाही असं करतो, चाळीस.
मी म्हटलं, कळू दे.
घरी बसून पिवळ्या दोऱ्यानं
त्याच्याभोवती करडईचं फूल काढलं, काट्यांसकट.
आई म्हणाली, लोक भोक झाकतात,
तू त्याला मखर केलंस.

निपाणीच्या बसमध्ये, हत्तरगीचा टोलनाका मागं पडला तेव्हा
शेजारचे म्हातारे माझ्या छातीकडे बघत होते.
मी ओढणी सरसावली, तोंड दगडाचं केलं.
"चुकलं बाई," ते म्हणाले, "फुलाकडं बघालोय.
तिथं माझी विडी पडलेली.
थोरलीच्या लग्नात."

आता काय बोलायचं असतं अशा वेळी?
कोट काढून द्यायचा?
घरच्यांनी बोहारणीला घातला असेल एका पातेल्यावर,
आणि हे त्यांना ठाऊक तरी असेल का?
त्यांनी बाहीचं निळं अस्तर बोटानं चाचपलं.
"हे आत असायचं. वीस वर्षं वापरला,
निळं आहे म्हणून कधी बघितलंच नाही."
मग स्वतःशीच हसले.
"डाव्या खिशाला भोक आहे. सुटे ठेवू नको."
संकेश्वरला उतरले.
येतो म्हणाले,
मला की कोटाला, कोण जाणे.

मी खिशात हात घातला, भोकातून पलीकडे,
अस्तराच्या तळाशी पार पाठीमागं:
एक रुपया, बडीशेपेचे चार दाणे,
तिकिटाची घट्ट गोळी, अक्षरं धुऊन गेलेली.
होतं तसं तिथंच राहू दिलं.

बुधवारी हात धुताना
अश्विनी आरशात बघत म्हणाली,
कोट जरा घालून बघू का, एकदाच?
मी काढून दिला.
तिनं बाह्या खाली सोडल्या, पुन्हा दुमडल्या,
आणि किल्ल्या ठेवायला गेली.
डाव्यात नको, मी म्हटलं.