फॉर्मवरचा शेवटचा रकाना

कुताइसीत, रिओनी नदीच्या वरच्या अंगाला
ननुलीबाईंची बेकरी.
मी तीन कोटेशनं घेऊन गेलो:
स्वस्त, मधलं,
आणि मला खपवायचं होतं ते.

चष्मा न लावताच त्यांनी विचारलं,
"महिन्याला किती?"
स्क्रीनमागे पंचेचाळीस लारी, मी म्हटलं.
त्यांनी मनातल्या मनात लारींचे पाव केले.
"म्हणजे तुमच्या त्या क्लाउडला
रोज एक पाव घालायचा.
माझा कुत्रा तेवढाच खातो,
पण तो भुंकतो तरी."

मी ब्राइटनेसवर बोललो, वॉरंटीवर बोललो,
इंटरनेट गेलं तरी शेवटची यादी
कशी टिकून राहते, तेही सांगितलं.
त्या म्हणाल्या, "आणि पीठ?"

कुठल्याच माहितीपत्रकात पीठ नव्हतं.

मग मधला ठरला. बिनपंख्याचा.
पंखा नाही, तर पीठ आत ओढणार कोण?
(हे मला सुचायला हवं होतं.)

फॉर्मवरचा शेवटचा रकाना: ॲडमिन.
गोचा तेव्हा विहिरीसारख्या गोल भट्टीत
कमरेपर्यंत वाकून पाव थापत होता;
बाहेर नुसते पाय.
"यांचं नाव लिहा," त्या पायांकडे बघत म्हणाल्या.

पासवर्ड त्यानं माझ्या कानात सांगितला:
आईचं नाव,
आणि ती म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला
इटलीला, बारीला गेली ते साल.
अक्षरं पुरेशी होती. आकडेही.

पहिल्या आठवड्यात वेळापत्रकाप्रमाणे
सातच्या ठोक्याला स्क्रीन हिरवा झाला: गरम पाव.
लाकडं ओली होती, भट्टी धुमसत होती.
वास नव्हता, धग नव्हती,
तरी रांग स्क्रीनकडे बोट दाखवून भांडली.
इतकी वर्षं याच लोकांनी
नाकावर विश्वास ठेवून पाव नेला होता.

गोचानं वेळापत्रक पुसून टाकलं.
आता पहिला पाव भिंतीवरून सुटला
की फोनवर अंगठा दाबतो.
फोनच्या काचेवर
त्या अंगठ्याचा पांढरा ठसा वाळून बसलाय.

नव्वदाव्या दिवशी त्याचा फोन आला.
"पासवर्ड बदला म्हणतंय."
सुरक्षेसाठी असतं, मी म्हटलं, काहीही दुसरं टाक.
पलीकडे लाकूड तडकल्याचा आवाज.
"ती आली की बदलेन."

कंपनीच्या नियमात हे बसत नाही.
मी सेटिंगमध्ये जाऊन
ती एक खूण काढून टाकली
आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: तक्रार नाही.

बिल द्यायला गेलो तो एकतीस तारीख होती.
ननुलीबाईंनी पंचेचाळीस मोजून दिले,
मग कागदात गुंडाळलेला पाव पुढे केला,
हात भाजेल इतका गरम.
"तीस त्याचे झाले," म्हणाल्या.
"हा तू खा."