शिंगरू कुणाचं

नारीनच्या वाचनालयात नोव्हेंबरपासून
आम्ही एकच खोली तापवतो.
तिथेच पुस्तकं, तिथेच सहा संगणक,
तिथेच मुलं,
ओले हातमोजे रेडिएटरवर वाळत घालून.

सेझिम अकरा वर्षांची. तिनं खेळ रचला:
एक तपकिरी शिंगरू
फुटलेल्या बर्फाच्या लाद्यांवरून नदी ओलांडतं.
उडी चुकली तरी बुडत नाही,
अंग झटकून पुन्हा काठावर उभं राहतं.
"बुडवायचं कशाला, जुमागुल एजे?" ती म्हणाली,
"थंडी काय कमी आहे?"

शेवटी शिंगरू घरी पोचतं.
घर म्हणून तिनं आपल्याच फाटकाचा फोटो लावला होता.
निळं फाटक, त्यावर पांढऱ्या रंगात सतरा,
शेजारी पावाच्या दुकानाची पाटी, नावासकट.
माझ्या हातातला चहा निवून गेला.
शिंगराला घर सापडावं, हे खरं.
पण त्याच्या मागोमाग कोण चालत येईल
ते पडद्यावर दिसत नाही.

एवढंच विचारलं,
"ही वाट कुणाकुणाला दाखवायची आहे?"
ती बराच वेळ त्या सतराकडे बघत राहिली.
दुसऱ्या दिवशी फाटक डोंगरात गेलं होतं,
हातानं काढलेलं, जरासं वाकडं, बिननंबरी.
आत शिरलं की नुसतं गवत.

आणि मग बायसल.
बोटं चपळ, जीभ त्याहून.
त्यानं शिंगरू उचललं, नदी तीच ठेवली,
शिंगराला सेझिमसारखा चष्मा लावला
आणि दर उडीला ते तोंडावर आपटेल अशी सोय केली.
वर नाव घातलं: सेझिम.
खाली नाव घातलं: निर्माता बायसल.
खोलीतली पाच मुलं हसली.
सहावी हातमोजे चढवत होती,
रेडिएटरवरचे, अजून ओलेच.

रागवायला शब्द होते माझ्याकडे, पुष्कळ.
मी कपाटातून नमद्याचे दोन तुकडे काढले,
एक लाल, एक काळा.
आमच्याकडे शिर्दाक असा करतात:
तुकडे एकावर एक ठेवायचे
आणि एकाच सुरीनं दोन्हींतून मेंढ्याचं शिंग कापायचं.
लालातलं काळ्यात बसतं, काळ्यातलं लालात.
वाया काही जात नाही.
जोडावरून मात्र वेगळ्या रंगाची दोरी फिरते.
मला वाटतं, कुठला तुकडा कुठून आला
ते दिसावं म्हणून.

बायसल सुरी चालवत होता, जीभ दातांत धरून.
"शिंग कुणाचं घेतलंस?"
"लालाचं."
"लालाला सांगितलंस?"
तो हसला.
मग हसायचा थांबला.

जानेवारीत सेझिम बूट न काढताच आत आली.
कुणीतरी लिहिलं होतं: खेळ सुंदर आहे.
शाळा कुठली तुझी? एखादा फोटो पाठव.
मोठ्यांना सांगू नकोस.
आमिष पहिल्या ओळीत होतं, गळ शेवटच्या.
तिनं उत्तर दिलं नव्हतं.
पडदा माझ्यापुढे धरून उभी होती
आणि बुटांखाली बर्फाचं डबकं वाढत होतं.

आम्ही तो मजकूर जपून ठेवला, तक्रार नोंदवली,
त्या माणसाला दार बंद केलं,
तिच्या आईला फोन लावला. या क्रमानं नाही बहुतेक,
माझेही हात थरथरत होते.
"माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं.
"तू बूट काढले नाहीस," मी म्हणाले.
"तेवढंच."

डबकं बायसलनं पुसलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

आता एक नवा खेळ आहे.
त्यात चष्मा नाही, कुणी तोंडावर आपटत नाही,
आणि शिंगरू गवतात शिरल्यावर
अक्षरं उमटतात:

शिंगरू सेझिमचं.
नदीतले मासे बायसलचे.
चौथ्या लादीवरची चूक दोघांची,
अजून सापडलेली नाही.