पाव वाटी

पोट आता छातीत राहतं माझं.
डॉक्टरांनी पेननं कागदावर काढून दाखवलं होतं:
ही अन्ननलिका, ही गाठ, इथून इथपर्यंत काढायचं
आणि जठराची नळी शिवून वर ओढायची, गळ्यापर्यंत.
शालननं तो कागद घडी घालून
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

तेव्हापासून खाल्लं की
काळजाच्या शेजारी कुणीतरी भांडी घासतं.

भूक लागत नाही, गजर लागतो. दर दोन तासांनी.
पाव वाटी मऊ भात, मुगाचं वरण.
पाणी अर्ध्या तासानं, तेही घोट घोट.
तेहतीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारला,
पहाटेची मिसळ उभ्यानं, पाव तर न चावताच.
तो माणूस आता चमच्याकडे बघत बसतो.

आवाजाची शीर दुखावलीय म्हणे.
गाळ्याच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा,
आता स्वयंपाकघरात पोचत नाही.
वाटीवर चमचा वाजवतो, मग शालन येते.
कधी मुद्दाम उशिरा येते, दारातच थांबते,
म्हणते, बोली वाढवा.

पलंगाला डोक्याकडून विटा लावल्यात.
एकदा झोपेत खाली घसरलो,
तीन वाजता पित्त थेट नाकात.
बेसिनशी उभा होतो तर खिडकीखालून
ट्रक चालले होते यार्डाकडे,
गोण्यांवर पोरं आडवी, तोंड उघडं टाकून.
हेवा वाटला. सपाट झोपणाऱ्यांचा.

नातीच्या बारशाला अर्धा पेढा खाल्ला.
घाम, धडधड, पाय कापसाचे,
लोडाला टेकवलं मला, कुणी वारा घातला.
व्याही म्हणाले, फार हळवे झालेत.
पेढा होता हो.

चौथ्या महिन्यात घास उतरेना.
आली परत, असं मी म्हणालो नाही, तीही नाही.
स्वारगेटच्या सिग्नलला तिनं फक्त
फाईल माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली.
नुसता व्रण आकसला होता.
आत फुगा घालून रुंद केला,
त्या संध्याकाळी तिनं दोनदा चहा केला, स्वतःसाठी.

बापू खेंगरेनं परवा यार्डात नेलं,
मोठ्या काट्यावर उभा केला.
एक्कावन्न. एक गोणी आणि वर किलोभर.
पूर्वी एक्क्याऐंशी भरायचो.
'तूट आली,' म्हणाला, आणि पावती फाडायची नक्कल केली.
हसलो तर बरगडीतला टाका ओढला गेला,
म्हणजे जिथे टाका होता तिथे.

आज खाली कुणीतरी लसणाची फोडणी दिली.
तोंडात जरासं पाणी आलं.
भूक असेल, किंवा तिची सवय.
गजराला अजून वीस मिनिटं होती.
मी चमचा वाजवला.
आतून शालन म्हणाली, वेळ झाली नाही अजून.
परत वाजवला.