चार बाय दीडचा पत्रा

भोरच्या एसटी स्टँडसमोर, घुलेंच्या गाळ्यावरचा पत्रा
मी आजवर पाच वेळा रंगवला.
पत्रा तोच. चार बाय दीड.
गाळा घुलेशेठचा, खिळे माझे.

पहिल्यांदा लिहिलं : तन्वीर आतार, फिजिओथेरपिस्ट.
त्यातला 'जि' दोनदा चुकला माझा.
तो हसून म्हणाला, "राहू द्या काका,
दुखरा गुडघा शुद्धलेखन बघत नाही."
दीड वर्ष राहिला. मग कोथरूडचं मोठं हॉस्पिटल.
माझ्या खांद्यासाठी त्याने दिलेली शेकायची पिशवी
अजून खुंटीला आहे.

मग निनाद कोंढाळकर, आर्किटेक्ट.
इथलाच पोरगा, शिकून परत आलेला.
गावाने त्याच्याकडून सात घरांचे नकाशे काढून घेतले,
पैसे दिले दोघांनी.
'आपलाच आहे' म्हणजे आमच्याकडे
फुकट आहे.

तिसरी सीए होती. तिला खोली मिळेना.
आधी आडनाव, मग लग्न कधी, मग जेवणात काय चालतं.
भाड्याच्या आकड्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.
तीन महिने स्वारगेटहून येऊन-जाऊन केलं तिनं,
कात्रजच्या घाटात उलट्या करत.

चौथ्याचं नाव मलाच आठवत नाही.

दर वेळी पॉलिशपेपर मारतो, वर प्रायमर,
पण पत्रा विसरत नाही.
दुपारच्या उन्हात तिरकं बघा,
कोंढाळकरच्या पोटातून आतारचा 'आ' वर आलेला दिसतो.

गेल्या दिवाळीआधी नगरपरिषदेत बैठक झाली :
'उच्चशिक्षित तरुणांना गावात कसे रोखावे?'
कापडी फलक मीच रंगवला.
'रोखावे' खटकलं होतं.
रोखतात ते धरणाचं पाणी, नाहीतर चोर.
पण मी पेंटर. दिलेला मजकूर लिहितो, फुटावर पैसे घेतो.

ठरलं असं : शाल, श्रीफळ, आणि पुलाजवळ
'आय लव्ह भोर' अशी लाइटची अक्षरं.
(म्हणजे तेही काम माझ्या हातून गेलं.)

शर्वाणी खुटवड, दातांची डॉक्टर,
महिनाभरापूर्वी आलेली, दारावर नुसता छापील कागद चिकटवून.
शालीसाठी नाव पुकारलं तर जागेवरूनच म्हणाली,
"शाल आहे माझ्याकडे.
संध्याकाळी सातनंतर मी काय करायचं, ते सांगा.
शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं नेट पडून आहे.
किल्ली कुणाकडे असते?"

माझी प्रणिता वाकडला असते, सोळाव्या मजल्यावर.
गळ्यात फोटोचं कार्ड, त्यावर नाव मशीनने छापलेलं.
सणाला आली की तीही विचारायची,
"बाबा, इथं सात वाजता माणसं कुठं जातात?"
मी म्हणायचो, घरी.
दुसऱ्या दिवशी दुपारच्याच गाडीनं निघायची.

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले.
किल्ली माझ्या खिशात होती.
हॉलच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढायला घेतली होती, जूनमध्ये.
नकाशा झाला, किल्ली राहिली,
आणि पाच महिने कुणी मागितली नाही.

तिथं बोललो नाही. लाज वाटली.
रात्री दवाखान्यात नेऊन टेबलावर ठेवली.

आता सातला हॉलमधून फटके ऐकू येतात.
नवा तलाठी, ग्रामीण रुग्णालयातल्या दोन सिस्टर,
बँकेतला तो नागालँडचा मुलगा,
जो आठ महिने कुणाशी बोलला नव्हता म्हणे.
कधी चौघं, कधी तिघंच. फार काही नाही.

जानेवारीत तिनं पत्रा रंगवायला सांगितला.
"नाव वरच्या अंगाला घ्या काका, खाली जागा सोडा."
कशाला, म्हटलं.
"अक्कलदाढ अडली की कुणाला तरी विचारावं लागतं.
येईल कुणीतरी जोडीला."
पैसे पूर्ण पत्र्याचे दिले.
एकतीस वर्षांत रिकामी जागा विकत घेतलेली
मी पहिल्यांदा पाहिली.

तिथं सध्या पाल बसते.
पण खडूची दोरी ताणून
शिरोरेषा मारून ठेवलीय मी, पुसट.