उलटा राहिलेला दगड

मार्चची अमावास्या होऊन दोन दिवस झाले.
गर्नझी बेटाच्या पश्चिमेला ओहोटी इतकी खोल गेली
की वर्षभर न दिसलेले खडक
ओल्या कुत्र्यांसारखे अंग काढून बसलेत.

बाबा वर, धक्क्याच्या उतारावर, गाडीत.
मांडीवर थर्मास, डोळ्यांना दुर्बीण.
मी किती ऑर्मर काढते ते नाही बघत,
दगड परत ठेवते का, ते बघतात.
"कुणाचं तरी छप्पर आहे ते, मेरिएल."
बाकीचा कायदा पत्र्याच्या पट्टीत मावतो.

हात घालते. कोपरापर्यंत बर्फगार शेवाळ.
बोटांना आधी खरखर लागते,
मग पाळीसारखी कड.
जुनी माणसं ह्याला समुद्राचा कान म्हणत.
चाहूल लागली की हा कान दगडाला असा बिलगतो
की आकडी वाकते, तो नाही.

पाठीवर किड्यांची घरं, विटकरी मळ.
आत मात्र
पेट्रोल सांडलेल्या डबक्यातलं आभाळ.
आणि कडेला भोकांची रांग:
वाढताना मागची बुजवत जातो, पुढे नवी उघडतो.
श्वासाला पाच-सहा पुरतात.
बुजलेल्यांवरून बोट फिरवलं
तर नुसते उंचवटे.

सेड्रिककाका इथेच,
एकसष्ट साली, भरती वळली तेव्हा
अजून एक दगड उलटत होता.
बाबा त्याचं नाव घेत नाहीत.
वेळ सांगतात फक्त:
"सव्वातीनला वर. सव्वातीन म्हणजे सव्वातीन."

सात मिळाले. आठवा नखभर कमी भरला,
तो चिकटेपर्यंत तळव्यानं दाबून धरला.

गाडीत बाबांनी बादलीत पाहिलंसुद्धा नाही.
"पिवळ्या शेवाळाजवळचा," म्हणाले,
"उलटा राहिलाय."
तीन वाजून दहा मिनिटं. तिकडे पाणी घोट्याला लागलेलं.
मी दाराला हात घातला.
"राहू दे."
माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

रात्री लाटण्यानं ऑर्मर बडवले,
कांद्यात, डुकराच्या चरबीत, मंद आचेवर ठेवले.
शिंपले सुतळीत ओवून वाटाण्याच्या वेलांवर टांगले,
पाखरांसाठी.
वारा होता. वाजत राहिले.

दिवा घालवायला गेले तर
कॅलेंडरवर उद्याच्या ओहोटीभोवती
पेन्सिलीचा थरथरता गोल,
शेजारी लिहिलेलं:
दगड.